नऊ नंबरचं वळण

डेपोत त्याला सगळे मखमल म्हणायचे. उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा न सांडता तो बस थांबवायचा, म्हणून. सव्वीस वर्षं स्टेअरिंग धरलं, बसला कधी साधा ओरखडा नाही. आणि मग एका मंगळवारी सकाळी, नऊ नंबरच्या मार्गावर, लाँड्रीजवळच्या वळणावर त्याच्या बससमोर एक पोस्टमन सायकलसकट आला.

पोस्टमन वाचला. डावा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही.

त्या वळणाला बाजूची एक गल्ली येऊन मिळते. गल्लीच्या अगदी तोंडाशी डेपोने वर्षभरापूर्वी एक निळी पत्र्याची केबिन बसवली होती. आत बसणाऱ्या कंट्रोलरला खुर्चीवरून न उठता बसच्या वेळा टिपता याव्यात, ही कल्पना डेपोच्या सुरक्षा अधिकाऱ्याची. केबिनमुळे गल्ली दिसत नाही, हे ड्रायव्हरांनी दोनदा त्यांच्या कानावर घातलं. साहेबांनी मान डोलावली आणि त्याच महिन्यात मार्गाच्या वेळापत्रकातून चार मिनिटं छाटून टाकली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांना भलतीच घाई झाली. क्रेन आली, केबिन उचलली गेली आणि तीस पावलं मागे नेऊन ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी चौकशीवाले आले तेव्हा कोपरा लख्ख मोकळा. साहेबांनी अहवालात लिहिलं, वळणावर दृष्टीस कोणताही अडथळा नाही, चालकाचे दुर्लक्ष.

मखमलला काढून टाकलं. त्याने अर्ज केले, अर्जांवर अर्ज केले. केबिन तिथे होती याला पुरावा काय, असं विचारत सगळे परत आले. पत्र्याच्या केबिनचा फोटो कोण कशाला काढतो? बाकी ड्रायव्हरांनी नोकरीच्या धास्तीने तोंड उघडलं नाही. कंट्रोलरला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याने चौकशीत आपल्याला नीट आठवत नसल्याचं सांगितलं, आणि त्या दिवसापासून मखमल दिसला की तो रस्ता बदलायला लागला.

घरात मखमलची बायको शाळांचे गणवेश शिवायची. मशीन खडखडत असायचं आणि हा खिडकीत बसून साहेबांचा विचार करत असायचा. नुसता विचार नाही, तपशीलवार. साहेब जिन्यावरून घसरताहेत, साहेबांना भर सभेत उभं करून कोणी झापतंय, साहेब याच्यासमोर हात जोडून उभे आहेत. पहिल्या पाळीची सवय सुटली नव्हती, त्यामुळे पहाटे पाचला डोळा उघडायचा आणि डोळा उघडला की आधी साहेबांचा चेहरा. बायको म्हणायची, देवाचं नाव घेतलं असतंत एवढ्या वेळा तर निदान तो तरी पावला असता.

मेहुण्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. बहिणीच्या घरातली ही कोंडी बघवेना म्हणून त्याने एक जुना संगणक, खेळण्यातल्या स्टेअरिंग-पेडलसकट, आणून जोडून दिला आणि त्यावर बस चालवायचा एक खेळ टाकला. हाच खेळ डेपोच्या प्रशिक्षणाच्या खोलीतही होता. नव्या ड्रायव्हरांना खोट्या स्टेअरिंगवर बसवून साहेब त्यावर धडे देत आणि दर सुरक्षा सप्ताहात स्वतः बसून सगळ्यांना चालवून दाखवत. मखमलला हे ठाऊक होतं, म्हणून तो आधी भडकलाच. खरी बस काढून घेतली, आता खेळण्यातली देतोस का, म्हणाला. मेहुण्याने मनावर घेतलं नाही. स्वतःच एका डोंगरी मार्गावर बस चालवून दाखवू लागला. मखमल पाठमोरा बसला होता, पण तिरक्या नजरेने बघत होता. रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड गेली. अगदी खरी, गंजासकट.

"हे बनवतं कोण?" त्याने विचारलं.

खेळणारेच बनवतात, मेहुणा म्हणाला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून एक टूलकिट तयार केलंय, फुकट मिळतं. त्यात रस्ते, घरं, माणसं बनवायची आणि खेळात घालायची. मग ते सगळ्यांना खेळता येतं.

"कुठलाही रस्ता बनतो?"

"मापं असतील तर कुठलाही, भाऊजी."

"आणि आता जागेवर नाही, अशी वस्तू?"

मेहुण्याने खेळ थांबवला आणि वळून बघितलं. मखमलच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. तो रंग काही चांगला नव्हता, पण रंग होता.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला मखमल संगणकासमोर. सुरुवातीच्या धड्यातलं पहिलंच वाक्य असं होतं, की मूळ फाइलींची एक प्रत काढून बाजूला ठेवा. हे त्याला पटलं. साहेबांनी केबिन हलवण्याआधी कोपऱ्याची एक प्रत कोणी बाजूला ठेवली असती तर ही वेळच आली नसती. दुसरा धडा, रिकामी जमीन करा, एक झाड लावा, झाडापर्यंत बस न्या आणि परत या. त्याने जमीन केली, झाड लावलं, बस सुरू केली. बस दोन चाकं फिरेपर्यंत जमिनीवर राहिली आणि मग जमिनीतून आरपार खाली गेली. खाली काहीच नव्हतं. बस पडतच राहिली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की जमीन नुसती दिसून भागत नाही. ती ठोस आहे, अशी एका चौकटीत खूण करावी लागते. मग झाड गडद गुलाबी दिसायला लागलं, कारण त्याच्या सालीचं चित्र टूलकिटला सापडत नव्हतं. त्याने फोल्डरचं नाव आपल्या लिपीत लिहिलं होतं आणि टूलकिटला ती लिपी वाचता येत नव्हती. एकदा चार दिवसांचं काम जतन व्हायच्या आधीच टूलकिट बंद पडलं. त्या सकाळी त्याने उशीला एवढ्या शिव्या दिल्या की बायकोने मशीन थांबवलं.

"साहेबांना देता का?" तिने विचारलं.

"नाही. आज दुसऱ्यालाच."

"बरं झालं. थोडा बदल हवाच."

पण दीड महिन्यात त्याला जमायला लागलं. एक चौकोन म्हणजे एक मीटर, हे हिशेब त्याच्या अंगवळणी पडले. आता मापं हवी होती. एका रविवारी तो बायकोला घेऊन वळणावर गेला. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं. रस्त्याची रुंदी, पदपथाची उंची, लाँड्रीची भिंत, गल्लीचं तोंड. केबिन कुठे होती तेवढं मात्र आठवणीवर सोडावं लागणार, असं त्याला वाटलं होतं. बायको कपड्यावरची धूळ झटकायला वाकली आणि तिथेच थांबली. पदपथावर बारके चार गोल होते, बाकीच्या सिमेंटपेक्षा जरा पांढुरके. केबिनचे बोल्ट जिथे पक्के केले होते ती भोकं घाईघाईने बुजवलेली होती.

"याची मापं घेतलीत का?" ती म्हणाली.

त्याने तीनदा घेतली.

केबिन उभी राहिली त्या सकाळी त्याने ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. निळा रंग, छतावरचा पोचा, दारावरची 'सुरक्षा अधिकाऱ्यांच्या आदेशावरून' ही पाटीसुद्धा. मग त्याने पोस्टमन घातला. आणि इथे त्याच्या मनात काळंबेरं आलं. साहेब कधी ना कधी या रस्त्यावर बस चालवणार, हे धरूनच तो चालला होता, आणि साहेबांना सुटायला फटच राहू नये असं त्याला वाटलं. म्हणून पोस्टमन अशा वेगाने आणि अशा नेमक्या क्षणी बाहेर येईल असं त्याने केलं, की समोर कोणीही असो, धडक व्हायलाच हवी. स्वतः तीस वेळा चालवून पाहिलं. तीसही वेळा धडक. प्रत्येक वेळी तो साहेबांना त्या खुर्चीत बघत होता आणि प्रत्येक वेळी त्याला आतून थंडगार वाटत होतं.

मार्ग सगळ्यांसाठी खुला व्हायचा तर आधी टूलकिटवाल्या हौशी लोकांच्या मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसाने तपासून मान्य करावा लागतो. त्याच्या वाट्याला आली ती आत्या. खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, सगळे तिला आत्याच म्हणत. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. मी एकतीस वर्षं खरी बस चालवली आहे, तिने लिहिलं होतं, आणि असा सायकलवाला जन्मात पाहिला नाही. रस्ता सुंदर बांधलाय, केबिन तर हुबेहूब. पण हा रस्ता नाही, सापळा आहे. कोणासाठी लावलाय?

मखमलच्या डोक्यात तिडीक गेली. उत्तर न देता तो दोन दिवस घरभर फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने चपला घातल्या आणि आजवर ज्या दारात जायची छाती झाली नव्हती तिथे गेला. पोस्टमनच्या.

पोस्टमन आता टपाल कचेरीत बसून पत्रं वेगळी करायचा. त्याने दार उघडलं आणि ओळखलं. मग बाजूला झाला आणि आत या म्हणाला. मखमलने सगळं सांगितलं, सापळ्यासकट. पोस्टमनने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला दिसलो होतो का?" त्याने विचारलं. "खरं सांगा. एक वर्ष झालं, मी हेच विचारतोय स्वतःला."

"नाही. केबिन संपली आणि तुम्ही होता."

पोस्टमनने दुखरा पाय हाताने उचलून स्टुलावर ठेवला. मग तो सांगू लागला. त्या दिवशी पिशवीत वजन जास्त होतं, तो सावकाश चालला होता, पायी चालणाऱ्याच्या जेमतेम दुप्पट वेगाने. गल्लीच्या तोंडाशी त्याने घंटी वाजवली होती. आणि तुम्ही पिशवी उजवीकडे दाखवली असेल तर चूक, तो म्हणाला, माझी नेहमी डावीकडे असते. मखमलने ते सगळं एका कागदावर टिपून घेतलं.

घरी येऊन त्याने पोस्टमनला खऱ्या वेगाने सोडलं. घंटी घातली. पिशवी डावीकडे आणली. मग त्याने आणखी एक गोष्ट घातली, जी त्याला आधी सुचलीच नव्हती. साहेबांचं वेळापत्रक. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ, उशीर झाला की आकडे लाल. आणि तो स्वतः चालवायला बसला. वेळ गाठायची तर वळणावर चौतीसचा वेग लागत होता. चौतीसने दहापैकी सात वेळा धडक झाली. विसाच्या वेगाने एकदाही नाही.

तो पडद्याकडे बघत राहिला. हे त्याला आतून ठाऊक होतंच. वेळापत्रक साहेबांचं होतं, केबिन साहेबांची होती, पण पाय त्याचा होता. त्या सकाळी तो वीसने गेला असता तर उशिराचा मेमो मिळाला असता आणि पोस्टमन आज सायकलवर असता. त्याने हे बायकोला सांगितलं. ती टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. टाचण्या काढून ती म्हणाली, "मग तुमचा वाटा तुमच्याकडे ठेवा. त्यांचा त्यांना पोचवा."

आत्याने नवा रस्ता तासाभरात मान्य केला. खाली एकच ओळ लिहिली होती. आता हा जास्त वाईट झालाय.

आणि तो होताच. लोक खेळायचे, घड्याळाच्या मागे धावायचे, त्या कोपऱ्यावर आपटायचे आणि चिडून लिहायचे, की कुठल्या मूर्खाने इथे केबिन ठेवली? पाटी वाचून कोणीतरी त्याला 'साहेबांचा कोपरा' म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. मखमल रोज पहाटे या शिव्या वाचायचा. अगदी चवीने, एकेक करून.

डेपोच्या प्रशिक्षकाला आपल्याच शहराचा, आपल्याच नऊ नंबरचा मार्ग खेळात आलेला दिसला तेव्हा तो हरखून गेला. बनवणाऱ्याच्या जागी 'मखमल' नव्हतं, बायकोच्या शिवणयंत्रावरचा क्रमांक होता. त्याने पहिले दोन थांबेच चालवून पाहिले होते, पुढे काय दडलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. सुरक्षा सप्ताहात साहेब यावरच चालवून दाखवतील, असं त्याने फलकावर लावून टाकलं. ही बातमी मखमलला कंट्रोलरने आणून दिली. वर्षभर रस्ता बदलणारा तो माणूस स्वतःहून दारात उभा राहिला. त्याने घरी नातवंडांच्या संगणकावर तो मार्ग पाहिला होता. खिडकीच्या काचेला आतून लावलेली आपली चिकटपट्टीसुद्धा पाहिली होती. माझ्यासोबत पाहुणा म्हणून या, एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत साठेक ड्रायव्हर होते. पुढच्या खुर्चीवर मुख्य कार्यालयातून आलेल्या व्यवस्थापक बाई. मखमल मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. साहेब हात उंचावून खुर्चीत बसले. वाहन चालवणं म्हणजे नजर चालवणं, असं नेहमीचं सांगून त्यांनी बस काढली. दोन थांबे छान झाले. घड्याळ लाल व्हायला लागलं तसा त्यांनी वेग वाढवला. वळण आलं, निळा पत्रा झर्रकन गेला, घंटी वाजली, धडक. पडद्यावर पत्रं उडाली.

कोणी हसलं नाही. साहेबांनी यंत्राला दोष देऊन पुन्हा सुरू केलं. या वेळी ते वळणावर जवळपास थांबलेच. पोस्टमन सुखरूप गेला. पण पुढच्या थांब्यावर घड्याळ लालभडक झालं आणि मागून कोणीतरी अगदी नम्र आवाजात म्हणालं, "साहेब, चार मिनिटं लेट. मेमो निघेल." आता मात्र खोलीत हशा फुटला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिसऱ्यांदा बस काढली, दात खाऊन वेग धरला, आणि तिसऱ्यांदा पत्रं उडाली.

साहेबांनी स्टेअरिंग सोडलं. "कोणीतरी मुद्दाम केलंय हे," ते म्हणाले. "ही केबिन इथे नव्हतीच."

"होती, साहेब," कंट्रोलर उभा राहिला. "मी त्यात वर्षभर बसलोय."

व्यवस्थापक बाईंनी वही उघडली आणि विचारलं, कुठली केबिन? मग एकेक ड्रायव्हर बोलायला लागला. साहेबांनी एकदा वळून पाहिलं तेव्हा त्यांची नजर मागच्या भिंतीपर्यंत आली. मखमल हलला नाही. या क्षणासाठी त्याने मनात किती भाषणं रचून ठेवली होती! पण त्यातलं एकही लागलं नाही. नुसतं बघणं पुरलं. आणि ते बघणं गोड लागलं, हे त्याने पुढे कोणापासून लपवलं नाही.

चौकशी पुन्हा झाली. बुजवलेली भोकं सापडली, क्रेनवाल्याची पावती सापडली. अहवाल खोटा ठरला आणि साहेबांना सुट्या भागांच्या गोदामात बसवण्यात आलं. मखमलला कामावर घेतलं, पण त्याने चौकशीत स्वतःच्या वेगाबद्दलही सांगितल्यामुळे ताकीद मिळाली. ती त्याने सही करून घेतली. नऊ नंबरला चार मिनिटं परत मिळाली.

दोन महिन्यांनी साहेब घरी आले. सकाळची वेळ होती, पोस्टमन आधीच येऊन बसला होता. अलीकडे तो सुट्टीच्या दिवशी यायचा. साहेब खुर्चीच्या कडेवर टेकले. गोदामातली पोरंसुद्धा खेळतात, ते म्हणाले, येता-जाता साहेबांचा कोपरा म्हणून हसतात. जे व्हायचं ते झालं. आता निदान तेवढी केबिन काढून टाका.

"केबिन हलवायचं काम तुमचं, साहेब," मखमल म्हणाला. "मला जमायचं नाही."

साहेबांनी पोस्टमनकडे पाहिलं. त्याच्याकडून काही मिळेल असं त्यांना वाटलं असावं. पोस्टमनने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि दार उघडून देण्यासाठी कष्टाने उठला. साहेब निघून गेले.

मग पोस्टमन म्हणाला, आज मी चालवून बघतो. आजवर त्याने खेळाला हात लावला नव्हता. मखमलने त्याला खुर्ची पुढे सरकवून दिली, उजव्या पायाखाली पेडल आणून ठेवलं. त्याने बस अगदी सांभाळून काढली. हळूहळू त्याला घड्याळाची घाई लागली आणि नकळत वेग वाढत गेला. मखमलला ते दिसत होतं, पण तो बोलला नाही. वळण आलं. पत्रा गेला, घंटी वाजली, पत्रं उडाली.

पोस्टमन पडद्यावर पडलेल्या त्या माणसाकडे बघत बसला.

"दिसलोच नाही मी," तो म्हणाला.

त्याने हात स्टेअरिंगवरून काढले नाहीत. थोड्या वेळाने त्याने विचारलं, पहिल्यापासून सुरू करायचं तर कुठलं बटण? मखमलने दाखवलं.